चवथीच्या दुसऱ्या रात्री सर्व्हर भरला: ४० जीबीत घुमट आरत्या बसवताना

घुमट (मातीचं, कातड्याने मढवलेलं तालवाद्य) वाजवून म्हटलेल्या आरत्या, भजनं आणि माटोळ्यांचे (गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या आरासीचे) फोटो जमवणारा आमचा गोव्यातला सत्तरेक जणांचा हौशी गट आहे. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, थोडे काणकोणचे. सगळ्यांची ध्वनिमुद्रणं एका भाड्याच्या व्हीपीएसवर, म्हणजे इंटरनेटवरच्या छोट्या सर्व्हरवर, राहतात. त्यावर नेक्स्टक्लाउड (फाइली ठेवायचा आणि वाटायचा प्रोग्रॅम), मायएसक्यूएल (त्याचा डेटाबेस) आणि रेडिस (लॉगिनसारखी तात्पुरती माहिती ठेवणारा) चालतं. मेमरी २ जीबी, डिस्क ४० जीबी. भाडं महिना ७०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८२६. हे पैसे वर्गणीतून जातात. ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२५ या काळात ही डिस्क भरली, मोकळी केली आणि परत भरू नये म्हणून व्यवस्था लावली. त्याचा हा क्रमवार हिशेब. आज्ञांची नावं देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना अर्थात छोटी रोमन अक्षरं.

वास्कोचा सप्ताह ३० जुलैला सुरू झाला तेव्हा डिस्क ७० टक्क्यांच्या आसपास होती. अखंड भजनाची मुद्रणं चढली आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी, २६ ऑगस्टला, आकडा ९१ वर गेला. दिसत होता, पण त्या दिवशी गोव्यात सर्व्हरकडे बघायला कुणाला वेळ असतो? २८ तारखेला दीड दिवसांचे गणपती पोचवून, म्हणजे विसर्जन करून, मंडळी घरी आली, जेवली आणि रात्री साडेनऊपासून एकदम सगळ्यांनी फाइली चढवायला घेतल्या. पावणेअकराला पहिला निरोप आला: "दादा, आरती चढली म्हणून दाखवतंय, पण वाजत नाही."

फाइलचं नाव होतं, तारीख होती, आकार शून्य. डिस्क भरली की असं होतं. नाव नोंदवण्यापुरती जागा मिळते, आतलं लिहायला मिळत नाही. त्या रात्री अशा ११ फाइली तयार झाल्या. फाइंड आज्ञेला 'साइझ शून्य' असा पर्याय देऊन त्यांची यादी लगेच काढून ठेवा. दोन दिवसांनी कुणाची कुठली फाइल होती हे कुणालाच आठवत नाही.

थोड्या वेळाने लॉगिनही बंद पडलं. पासवर्ड बरोबर असून परत तेच पान. याचं कारण रेडिस. आपली प्रत डिस्कवर ठेवता आली नाही की तो नवं काही लिहून घ्यायचंच नाकारतो, त्यामुळे लॉगिनची नोंद (सेशन) टिकत नाही. मायएसक्यूएल तेवढा हट्टी नाही. तो जागेची वाट बघत थांबतो आणि दर मिनिटाला पुन्हा तपासतो. म्हणून अशा वेळी घाबरून सगळं रीस्टार्ट करू नये. थांबलेला डेटाबेस जागा मिळाली की पुढे चालतो, पण बंद केलेला भरलेल्या डिस्कवर परत उठेलच याची खात्री नाही.

आधी ज्याला लिहायला जागा लागत नाही तेच पुसायचं. पहिला हात सिस्टिमच्या नोंदींवर. जर्नलसीटीएलला 'व्हॅक्यूम साइझ २०० एम' सांगितलं आणि सव्वा जीबी सुटला. मग एपीटी क्लीन, म्हणजे अपडेटसाठी उतरवून घेतलेल्या पॅकेजांची साठवण. तिथे ३०० एमबी. नेक्स्टक्लाउडची कचरापेटी मात्र इतक्यात रिकामी करायची नाही. ती पुसताना डेटाबेसमध्ये प्रत्येक फाइलची नोंद बदलते आणि त्या बदलांची बायनरी लॉगमध्ये (डेटाबेसच्या बदलांच्या वहीत) पुन्हा नोंद होते, म्हणजे जागा सुटण्याआधी थोडी खर्चच होते. दीड जीबी हातात आल्यावर रेडिस रीस्टार्ट केला आणि लॉगिन सुरू झालं. रात्रीचे बारा वाजले होते. गटावर एवढंच लिहिलं की उद्यापर्यंत नवं काही चढवू नका आणि मुख्य म्हणजे रेकॉर्डरचं कार्ड फॉरमॅट करू नका.

दुसऱ्या दिवशी, २९ ऑगस्टला, मोजणी. डीएफ आज्ञेत डिस्क ३९ जीबीची दिसते आणि भरली त्या रात्री त्यात वापर ३७, शिल्लक शून्य असं होतं. मग दोन जीबी गेले कुठे? ईएक्सटी४ फाइल सिस्टिम बनवतानाच ५ टक्के जागा रूट, म्हणजे सर्वाधिकारी, वापरकर्त्यासाठी राखून ठेवते, म्हणजे बाकी सगळं भरलं तरी सिस्टिमला हालचाल करता यावी. ट्यून-टू-एफएस आज्ञेने हा वाटा कमी करता येतो. आम्ही तो २ टक्क्यांवर आणला आणि १.२ जीबी मिळाला. शून्यावर नेऊ नका.

कुठल्या फोल्डरने किती खाल्लं हे बघायला एनसीडीयू सर्वांत सोयीचं. बाणाने आत शिरायचं, मोठं काय ते वर दिसतं. एक्स हा पर्याय लावला की ते फक्त एकाच डिस्कवर फिरतं. भरलेल्या रात्रीचा ताळा असा निघाला: सिस्टिम आणि प्रोग्रॅम ५.० जीबी, डेटाबेस ०.४, त्याचे बायनरी लॉग १.४, इतर लॉग १.९, रात्रीचे बॅकअप ६.१, कचरापेट्या ५.४, फोटोंच्या लहान प्रतिमा २.३, जुन्या आवृत्त्या ०.३, अर्धवट चढलेले तुकडे ०.८. आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती सदस्यांची मुद्रणं, फोटो आणि व्हिडिओ मिळून १३.४. चाळीसातले तेरा! तोपर्यंत गटात सगळे एकमेकांना "तुझ्या भजनांनीच डिस्क भरली" म्हणत होते.

डीयू (फोल्डरांची बेरीज सांगणारी आज्ञा) आणि डीएफ यांचे आकडे जुळत नसतील तर आणखी एक जागा बघायची. आमच्यातल्या एकाने मागे वेब सर्व्हरचा फुगलेला लॉग थेट पुसला होता. फाइल दिसेनाशी झाली, पण एनजिनएक्सने, म्हणजे त्या वेब सर्व्हरने, ती उघडी धरून ठेवलेली असल्यामुळे डिस्कवरची जागा सुटली नव्हती. एलएसओएफला 'अधिक एल १' दिलं की अशा पुसलेल्या पण धरून ठेवलेल्या फाइली दिसतात. ती ९०० एमबीची निघाली. एनजिनएक्सला लॉग पुन्हा उघडायला लावल्यावर जागा सुटली. चालू लॉग पुसायचा नसतो, ट्रंकेट आज्ञेने शून्यावर आणायचा असतो.

६.१ जीबी बॅकअपचं कारण साधं आणि लाजिरवाणं होतं. रोज रात्री डेटाबेस आणि सेटिंगांची १३० एमबीची टार फाइल त्याच डिस्कवर पडत होती आणि जुनी पुसणारं कुणी नव्हतं. ४७ रात्री, ४७ फाइली. डिस्क गेली असती तर सत्तेचाळीसही तिच्याबरोबर गेल्या असत्या. शेवटची एक लॅपटॉपवर उतरवली, उघडून बघितली, बाकीच्या पुसल्या.

कचरापेट्यांचं कारण शोधायला मात्र अर्धा दिवस गेला. नेक्स्टक्लाउड पुसलेली फाइल साधारण ३० दिवस ठेवतं आणि त्यानंतर जागा लागेल तशी काढून टाकतं. पण हे काढण्याचं काम पार्श्वभूमीतल्या क्रॉनवर (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या व्यवस्थेवर) अवलंबून आहे आणि आमचा क्रॉन मे महिन्यापासून चालतच नव्हता. पीएचपीची (नेक्स्टक्लाउड ज्या भाषेत चालतं तिची) आवृत्ती बदलली तेव्हा क्रॉनटॅबमध्ये जुन्याच पीएचपीचा पत्ता राहिला. अर्धवट चढलेले तुकडेही हाच क्रॉन २४ तासांनंतर साफ करतो, म्हणून तेही साचले. प्रशासकाच्या पानावर 'शेवटचं काम कधी चाललं' ही ओळ असते. इथून काही एकच घेऊन जायचं असेल तर ती ओळ आठवड्यातून एकदा बघा. पाच मिनिटांपेक्षा जुनी वेळ दिसली तर काहीतरी अडलंय.

क्रॉन दुरुस्त केला, पण तो सुरू होताच कचरापेटीतल्या जुन्या फाइली उडतील म्हणून आधी सर्वांना ३ सप्टेंबरपर्यंत मुदत दिली. चुकून पुसलेलं काही असेल तर परत काढून घ्या. सात दिवसांचे गणपती २ तारखेला पोचणार होते, त्याआधी कुणी बघणार नाही हे उघड होतं. तिघांनी मिळून सहा फाइली परत काढल्या. ३ तारखेला रात्री ओसीसीची (नेक्स्टक्लाउडच्या आज्ञा चालवणाऱ्या साधनाची) 'ट्रॅशबिन क्लीनअप' आज्ञा सर्व वापरकर्त्यांसाठी चालवली आणि पुढची मुदत सात दिवसांवर आणली (सेटिंगमध्ये 'ऑटो, ७'). ओसीसी कायम वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याच्या नावाने चालवा. रूटने चालवलं तर ते स्वतःच नकार देतं, आणि जिथे नकार देत नाही तिथे फाइलींची मालकी बिघडते.

बायनरी लॉग हाताने पुसू नका, डेटाबेसला त्यांचा हिशेब असतो. त्यालाच 'पर्ज' सांगायचं. मायएसक्यूएल ८ मध्ये हे लॉग आपोआप चालू असतात आणि ३० दिवस राहतात. दुसरा सर्व्हर जोडलेला नसेल तर तीन दिवस पुष्कळ झाले. लहान प्रतिमांची कमाल बाजू नेक्स्टक्लाउड ४०९६ पिक्सेल धरतं, ती १०२४ केली, प्रिव्ह्यूचा फोल्डर रिकामा केला आणि लगेच 'स्कॅन ॲप डेटा' चालवलं. हे शेवटचं विसरलात तर डेटाबेसला वाटतं प्रतिमा आहेत, आणि पडद्यावर करडे चौकोन दिसत राहतात.

अनंत चतुर्दशीला, ६ सप्टेंबरला, वापर ४९ टक्क्यांवर होता. एकही गाणं न पुसता.

इथे थांबता आलं असतं. पण गटातल्यांच्या लॅपटॉपवर आणि कार्डांवर अजून ११८ जीबी मूळ मुद्रणं पडून होती, कारण सर्व्हरवर जागा नाही म्हणून कुणी ती चढवलीच नव्हती. १४ सप्टेंबरच्या रविवारी फोंड्याला बसलो. एक पर्याय होता ८० जीबीची योजना घेण्याचा. भाडं दुप्पट, म्हणजे वर्षाला ९,९१२ रुपये जास्त, आणि वाढवलेली डिस्क परत लहान करता येत नाही. तरीही ११८ बसणार नव्हतेच. मग ठरलं की ऐकायची प्रत वेगळी आणि जपायची प्रत वेगळी. सर्व्हरवर फक्त ऐकायची. मूळ मुद्रण ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (भाड्याने मिळणाऱ्या ऑनलाइन साठ्यात), शिवाय दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या तालुक्यांत.

आता आवाजाचं गणित, कारण सगळी जागा इथेच जाते. बहुतेकांचे रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओवर लावलेले असतात. सेकंदाला २ लाख ८८ हजार बाइट, मिनिटाला १७.२८ एमबी, तासाला एक जीबीहून थोडं जास्त. वेव्ह फाइलला (रेकॉर्डरच्या मूळ, न दाबलेल्या फाइलला) ४ जीबीची मर्यादा असते, ती चार तास आठ मिनिटांनी येते. काही रेकॉर्डर त्याआधीच, २ जीबीला, फाइल तोडतात. सप्ताहाची मुद्रणं त्यामुळे मधेच तुटून दोन-दोन तासांच्या तुकड्यांत आली होती. जोडताना क्रम चुकवू नका, रेकॉर्डरचं घड्याळ बहुधा चुकलेलंच असतं.

जपायच्या प्रतीसाठी फ्लॅक हा फाइलप्रकार. यात आवाजाचा एक कणही जात नाही आणि आमच्या मुद्रणांचा आकार सरासरी ६३ टक्क्यांवर आला. एकाच मायक्रोफोनने घेऊन दोन्ही बाजूंना तोच आवाज असलेली मुद्रणं तर याच्याही निम्म्यावर येतात, कारण दोन वाहिन्यांत फरकच नसतो. फ्लॅक आवाजाचा एमडी५ ठसा फाइलमध्येच ठेवतं, त्यामुळे वर्षभरानंतरही 'टी' हा पर्याय देऊन फाइल शाबूत आहे का ते तपासता येतं. रूपांतर करताना मोठा व्ही लावा म्हणजे ते स्वतःच उलटून ताळा बघतं. दोन ठिकाणी अडलं. एक, वेव्हमध्ये रेकॉर्डरने लिहिलेली तारीख-वेळ नेहमीच्या रूपांतरात गळते, ती हवी असेल तर 'कीप फॉरेन मेटाडेटा' सांगावं लागतं. दुसरं जास्त त्रासदायक. नवे रेकॉर्डर ३२ बिट फ्लोट देतात आणि फ्लॅक ते घेत नाही. एफएफएमपेग (रूपांतराचं साधन) मुकाट्याने घेतं, पण घुमटावरची जोरकस थाप शून्य डेसिबलच्या वर गेलेली असेल तर तिचा माथा कापून टाकतं. आधी पूर्ण मुद्रणाचा आवाज सर्वांत वरच्या शिखराला धरून खाली आणायचा, मग २४ बिट करायचं.

ऐकायच्या प्रतीसाठी एकाच आरतीच्या चार प्रती करून हेडफोन लावून ऐकल्या. घुमटाचा खर्ज ६४ किलोबिटच्या एमपी३ मध्येही बऱ्यापैकी टिकतो. शामेळ या तालवाद्याचा कडक आवाज थोडा मऊ होतो. पण कासाळी, म्हणजे झांजा, वाजल्या की पितळ पाण्यात भिजवून वाजवल्यासारखं ऐकू येतं आणि त्याखाली कोरसातले शब्द विरघळतात. आरती रंगत जाते तसा झांजेचा ताल चढतो, म्हणजे नेमक्या कळसालाच घाण होते. ९६ किलोबिट ओपस छान वाटलं, पण जुन्या आयफोनवर वाजेना. शेवटी एएसी, १२८ किलोबिट. मिनिटाला ०.९६ एमबी, तासाला ५८ च्या आत. सर्व्हरवर असलेली ८.४ जीबीची वेव्ह मुद्रणं, आठ तासांहून थोडी जास्त, ४७० एमबीत बसली.

हे सगळं लॅपटॉपवर करा. दोन जीबी मेमरीच्या सर्व्हरवर एफएफएमपेग लावलं की इतरांना पान उघडायलाही मिनिट लागतं.

फोटोंची मर्यादा लांब बाजूला २०४८ पिक्सेल ठेवली. १२८० चालली असती, पण माटोळी बघणारा माणूस नुसती आरास बघत नाही. कांगलं कुठली, घागऱ्या कुठल्या, सुपारीच्या शिपटीमागे तोरिंग आहे की अंबाडे, हे तो मोठं करून बघतो. ६९० फोटो ३.१ जीबीवरून अर्ध्या जीबीत आले. इमेजमॅजिकचं मॉग्रिफाय मूळ फाइलवरच लिहितं, म्हणून आधी वीस फोटोंची प्रत काढून चाचणी घेतली आणि बरं झालं. उभे फोटो आडवे झाले होते. फोनचा कॅमेरा फोटो फिरवत नाही, 'हा फिरवून दाखवा' अशी नोंद फक्त लावतो. 'स्ट्रिप' ने ती नोंद गेली. आधी 'ऑटो ओरिएंट', मग 'स्ट्रिप'. स्ट्रिप मात्र कराच. माटोळीचे फोटो लोकांच्या घरातले असतात आणि नोंदीत घराचा जीपीएस पत्ता असतो.

परवानगीचा कागद याच सुमारास केला. आरत्या पारंपरिक असल्या तरी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा आपल्या सादरीकरणावर हक्क असतो, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ३८ वं कलम तेच सांगतं. अर्ध्या पानाचा मराठी मजकूर: गाव, तारीख, पथकातल्या दोघांच्या सह्या, आणि 'फक्त गटापुरतं' की 'सर्वांसाठी' यापैकी एकावर खूण. जुन्या मुद्रणांचे कागद अजून जमतायत.

पैसे भरण्याचं प्रकरण १६ सप्टेंबरला सुरू झालं. त्या वेळचे दर असे: बॅकब्लेझ बी-टू दर टेराबाइटला महिना ६ डॉलर, क्लाउडफ्लेअर आर-टू दर जीबीला दीड सेंट, दोन्हीकडे पहिले १० जीबी फुकट. फ्लॅक केल्यावर आमचा साठा सुमारे ८० जीबी होणार होता. म्हणजे एकीकडे ४२ सेंट, दुसरीकडे एक डॉलर पाच सेंट. रक्कम बघून हसू येतं, पण भरायची कशी? गट नोंदणीकृत नाही, त्यामुळे गटाच्या नावाने कार्ड नाही. एका सदस्याचं कार्ड वापरायचं ठरलं. परदेशी ऑनलाइन व्यवहार कार्डावर आपोआप चालू नसतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावे लागतात आणि मर्यादा ठरवावी लागते. आम्ही महिना ५०० रुपये ठेवली. कार्डधारक सत्तरीत राहतो, घरात नेटवर्क नाही. ओटीपी आला की अंगणात येऊन वाचायचा, तोवर त्याची मुदत संपलेली. तिसऱ्या खेपेला, १८ तारखेला, जमलं. ऑक्टोबरमधली पहिली आपोआप वजावट नाकारली गेली, हाताने ओटीपी टाकून भरावी लागली. खात्यात आगाऊ रक्कम ठेवायची सोय असेल तर ती घ्या आणि वर्षाचे पैसे एकदाच भरून टाका. कार्डधारकाला बँकेचं परकीय चलनाचं शुल्कही वर्गणीतून द्यायचं असतं, ते विसरलं जातं.

चढवायला रेस्टिक हे बॅकअपचं साधन वापरलं. ते फाइलींचे तुकडे करून सारखे तुकडे एकदाच ठेवतं आणि सगळं कुलूपबंद करून पाठवतं. त्याचा पासवर्ड हरवला तर साठा गेला, कुणीच काढून देऊ शकत नाही. तो दोन घरी कागदावर लिहून ठेवलाय. २० एमबीपीएस वेगाने ८० जीबीला नऊ तास लागायला हवेत. आम्हाला तीन रात्री लागल्या. दोनदा वीज गेली. तुटलं तरी रेस्टिक आधी गेलेलं परत पाठवत नाही, तेवढं बरं. पुढे जुन्या प्रती काढायच्या असतील तर नुसतं 'फर्गेट' करून जागा सुटत नाही, 'प्रून' करावं लागतं. आणि स्टोरेजच्या बाजूलाही बादलीचं (बकेटचं, म्हणजे आपल्या कप्प्याचं) सेटिंग बघा. काही ठिकाणी पुसलेल्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या तशाच राहतात आणि त्यांचंही बिल लागतं.

फाइलींना नावं देताना एक गोष्ट कळली, जी इंग्रजीत नावं देणाऱ्यांना कधी कळणारच नाही. ईएक्सटी४ मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रा वेगळ्या धरून. म्हणजे ८५ चिन्हं. 'श्री गणपती आरती दीड दिवस' पासून सुरू होऊन वाडा, घर, पथक, साल असं सगळं नावात कोंबलं की ते सहज भरतं. त्यात कचरापेटीत जाताना नावापुढे वेळेचा शिक्का चिकटतो, तेव्हा काठावरचं नाव पुसताना अडतं. आता नाव साल, तालुका, गाव, प्रकार एवढंच आणि बाकी तपशील वेगळ्या तक्त्यात.

१२ ऑक्टोबरला चाचणी घेतली. ऑब्जेक्ट स्टोरेजमधून दहा फाइली कुठल्याही निवडून उतरवल्या, फ्लॅकने तपासल्या, पूर्ण ऐकल्या. त्यानंतरच सर्व्हरवरच्या वेव्ह पुसल्या. दोन हार्ड डिस्कवरची मात्र एकूण एक फाइल तपासली, शा-२५६ ठशांची यादी डिस्कवरच ठेवून. एक फोंड्यात, एक पेडण्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह, कारण आपल्याकडच्या पावसात कपाटातला चामड्याचा पट्टाही हिरवा होतो. जपणुकीसाठी पेन ड्राइव्ह किंवा एसएसडी घेऊ नका. वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिल्या तर त्यांतलं विरतं.

कोटा प्रत्येकाला ५०० एमबी ठेवला. वाटून घेतलेल्या फोल्डरमध्ये कुणीही टाकलं तरी ते फोल्डरच्या मालकाच्या कोट्यात मोजलं जातं, म्हणून तालुक्यांचे फोल्डर एका वेगळ्या खात्याच्या नावावर आहेत आणि त्याला ८ जीबी.

शून्य आकाराच्या ११ फाइलींपैकी दहा फाइली सप्टेंबरमध्येच परत मिळाल्या. अकरावी ज्या कार्डावर होती ते सात दिवसांच्या गणपतीसाठी पुसून वापरलं गेलं होतं. तक्त्यात तिची ओळ ठेवली आहे: गाव, तारीख, आकार शून्य.

शेवटचं काम इशाऱ्याचं. तो सर्व्हरनेच मेलने पाठवायचा ठेवला तर उपयोग नाही, भरलेल्या डिस्कवर मेलची रांगही लिहिता येत नाही. आता घरचा एक जुना लॅपटॉप दर दहा मिनिटांनी एसएसएचने (दुरून सर्व्हरला जोडून) डीएफ विचारतो आणि ७५ टक्क्यांना फोनवर संदेश धाडतो. चालतं का हे बघायला १८ ऑक्टोबरला, दिवाळीच्या नरकासुराचे फोटो यायच्या आधी, एफअलोकेटने नुसती जागा अडवणारी १३ जीबीची फाइल बनवली. वापर ४४ वरून ७७ वर गेला आणि आठव्या मिनिटाला फोन वाजला. ती पुसली आणि तिच्या जागी १ जीबीची एक ठेवली. पुन्हा कधी रात्री डिस्क भरलीच तर सर्वांत आधी ती पुसायची. फाइलचं नाव ठेवलंय नारळ.